वाटीभर विरजण

या पुस्तिकेबरोबर एक कॅसेट तुमच्या हाती पडली असेल. कॅसेट वाजवायचं यंत्र आता घरोघरी राहिलेलं नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही कॅसेटच काढली, त्याची कारणं पुढे येतील. आधी तिच्यात काय आहे ते सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात ‘किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड’ नावाचा एक रॉक बँड आहे. त्यांचा २०१७ सालचा ‘पॉलिगोंडवानालँड’ हा अल्बम, दहा गाणी, जेमतेम चव्वेचाळीस मिनिटं, आम्ही चंद्रपुरात एका खोलीत बसून जुन्या डेकवर एकेक करत या कॅसेटांवर उतरवला. बँडला विचारलं नाही. पत्र नाही, करार नाही, रॉयल्टी नाही. तरी यात चोरी कुठेच नाही. परवानगी त्या मंडळींनी नोव्हेंबर २०१७मध्येच देऊन ठेवली आहे. आम्हाला, तुम्हाला, ज्याला हवी त्याला.

ती परवानगी कसली होती आणि तिच्यातून पुढे काय काय निघालं, हे सांगायला ही प्रस्तावना लिहिली. लिहिता लिहिता लांबली. कॅसेट लावून वाचायला बसलात तर पहिली बाजू संपेस्तोवर वाचून होईल.

माझी सुरुवात संगीतापासून झालीच नाही, नावापासून झाली. भाचा मोबाइलवर काहीतरी ऐकत पडला होता आणि पडद्यावर इंग्रजीत ‘गोंडवाना’ ही अक्षरं दिसली. आमच्याकडे हा शब्द रोजचा आहे. रेल्वेगाडीला तो आहे, गडचिरोलीच्या विद्यापीठाच्या पाटीवर आहे, निवडणुकीच्या भिंतींवर आहे. मला वाटलं, कुणीतरी गोंडी गाण्यांचं काहीतरी केलं असेल. कानाला लावलं तर गिटारी, ढोल, मध्येच बासरी, आणि गाणं संपायचं नावच घेईना. हे कुठले, विचारलं तर म्हणे मेलबर्नचे. मेलबर्नच्या पोरांना गोंडवान्याशी काय करायचं आहे, हा प्रश्न तेव्हा डोक्यात बसला तो बसलाच.

उत्तर जमिनीखाली आहे. १८७०च्या दशकात भारतीय भूगर्भ सर्वेक्षण विभागातल्या हेन्री मेडलिकॉट या अधिकाऱ्याने मध्य भारतातल्या कोळसा असलेल्या खडकांच्या थरांना गोंड राजांच्या मुलखावरून ‘गोंडवाना’ असं नाव दिलं. पुढे व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूस या भूशास्त्रज्ञाने तेच नाव उचलून एका लुप्त महाखंडाला दिलं, आणि त्याला ‘लँड’ जोडलं. गोंडवाना म्हणजेच गोंडांचा मुलूख, त्याला पुन्हा लँड लावणं म्हणजे आपल्या पिवळ्या पितांबरातला प्रकार. पण नाव रुळलं. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया हे सगळे एकेकाळी एकमेकांना चिकटून होते, त्या जोडलेल्या भूमीचं हे नाव. चंद्रपूरच्या खाणींत शेलच्या पाटीवर कधी कधी जिभेच्या आकाराचं पान उमटलेलं सापडतं. ग्लॉसोप्टेरिस त्याचं नाव. तेच पान ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या कोळशाच्या थरांतही सापडतं. त्या भूमीच्या नावाला बँडने पुढून ‘पॉलिगॉन’, म्हणजे बहुकोन, चिकटवला आणि एक नसलेला देश तयार केला. त्यांना गोंड राजे ठाऊक होते असा माझा दावा नाही. बहुधा शाळेच्या भूगोलातला तुटलेला खंड त्यांच्या डोक्यात असावा. अल्बमचं पहिलं गाणं मात्र ‘क्रंबलिंग कॅसल’, म्हणजे ढासळता किल्ला. ज्या वर्षी ते आलं त्याच वर्षी आमच्या गावातली इको-प्रो संस्थेची मुलं गोंडकालीन परकोटावरची झुडपं उपटत होती, भिंतीतला कचरा टोपल्यांनी काढत होती. योगायोगच. पण गावकऱ्याला असले योगायोग सोडवत नाहीत.

आता बँडविषयी. २०१० साली मेलबर्नमध्ये काही मित्रांनी हा बँड सुरू केला. नाव ठरवताना स्टू मॅकेन्झी या गायक-गिटारवादकाला ‘गिझर्ड गिझर्ड’ हवं होतं. गिझर्ड म्हणजे कोंबडीच्या पोटातला तो चिवट गोळा, जो खाटकाकडे कलेजीबरोबर मिळतो. दुसऱ्याला जिम मॉरिसन या रॉक गायकाचं ‘लिझर्ड किंग’ हे टोपणनाव आवडत होतं. भांडण मिटवायला दोन्ही एकत्र केली. एवढ्या थिल्लर नावाचा बँड पंधरा वर्षं टिकेल असं तेव्हा त्यांनाही वाटलं नसणार. स्टूबरोबर अ‍ॅम्ब्रोझ केनी-स्मिथ, जोई वॉकर, कुक क्रेग, लुकस हारवूड आणि मायकल कॅव्हना हे अजून आहेत. एरिक मूर हा त्यांचा दुसरा ढोलवादक आणि व्यवस्थापक २०२०मध्ये बाहेर पडला. मोठ्या कंपनीच्या दारात जाऊन उभं राहण्याऐवजी त्यांनी २०१२पासून ‘फ्लाइटलेस’ हे मूरचं छोटं लेबल वापरलं आणि आता ‘पी(डूम)’ नावाचं स्वतःचं लेबल काढलं आहे. २०२५पर्यंत त्यांचे स्टुडिओत केलेले अल्बम सत्तावीस झाले. त्यांत लोकगीतांसारखं हळुवार आहे, मेटलचा धुमाकूळ आहे, जॅझ आहे, सिंथेसायझरवरचं नाचण्याजोगं आहे. २०१६च्या ‘नॉनॅगॉन इन्फिनिटी’त नऊ गाणी अशी जोडली आहेत की नववं संपतं तिथून पहिलं सुरू होतं, तबकडी थांबवायची कुठे हे ऐकणाऱ्यानेच ठरवायचं. प्रयोगशील हा शब्द आपल्याकडे नाटकवाल्यांनी वापरून वापरून गुळगुळीत केला आहे, म्हणून मी तो टाळतो. या मंडळींना एक गोष्ट दोनदा करायचा कंटाळा येतो, एवढं म्हटलं तरी पुरे.

२०१७ सालासाठी त्यांनी जाहीर केलं की या वर्षात पाच अल्बम काढू. फेब्रुवारीत ‘फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना’ आला. मॅकेन्झीच्या हाती तुर्की बाग्लामा हे तंतुवाद्य आलं होतं. त्याच्या पडद्यांवर पियानोच्या दोन पट्ट्यांमधले स्वर वाजतात. ते गिटारीत आणायला त्यांनी जादा पडदे बसवलेल्या गिटारी करून घेतल्या. पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये काय काय राहून जातं यावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वाद झालेत, तेव्हा मराठी कानाला तो अल्बम फार परका वाटू नये. जूनमध्ये दुसरा आला, ऑगस्टमध्ये तिसरा. हे तिन्ही विकले गेले, नेहमीसारखे. पाचवा वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला आला. मधला चौथा १७ नोव्हेंबरला आला, तो हा.

बँडने सांगितलं की हा फुकट आहे. इथवर नवल नाही. फुकट गाणी पुष्कळ जण वाटतात. पुढचं वाक्य महत्त्वाचं. त्यांनी म्हटलं, याच्या प्रती काढा. कॅसेट काढा, सीडी काढा, तबकड्या छापा. स्वतःचं लेबल काढायची हौस असेल तर हीच वेळ समजा, मित्रांना कामाला लावा, खोकी भरा. हा अल्बम आमच्या मालकीचा नाही, तुमच्या मालकीचा आहे. एवढं बोलून ते थांबले नाहीत. तबकडी छापायला लागतात त्या दर्जेदार मूळ ध्वनी-फाइली आणि जेसन गेलिया या त्यांच्या नेहमीच्या चित्रकाराने केलेल्या मुखपृष्ठाच्या फाइली, दोन्ही उचलून न्यायला ठेवून दिल्या. वकिली भाषा नव्हती. कट्ट्यावर बसून मित्राला सांगावं तशी चार वाक्यं.

‘फुकट’ या मराठी शब्दाने इथे घोटाळा होतो. आपण फुकट ते पौष्टिक म्हणतो तेव्हाच त्यात थोडी तुच्छता मिसळलेली असते. मोफत म्हटलं की सरकारी शिबिर आठवतं, विनामूल्य म्हटलं की पत्रिकेच्या तळाशी ‘प्रवेश विनामूल्य’. बँडने जे केलं त्याला जवळचा शब्द शोधत असताना मला विरजण आठवलं. संध्याकाळी शेजारची सून वाटी घेऊन दारात येते, ‘काकू, थोडं विरजण देता का?’ काकू चमचाभर दही वाटीत घालतात. त्याचे पैसे मागायची रीत नाही, परत करायचीही नाही. पण तेवढ्याने तिच्या घरी दही झालेलं नसतं. दूध तिनेच आणायचं, तापवायचं, बोट बुडवून कोमट झालं का पाहायचं, विरजण लावायचं आणि रात्रभर भांडं हलवायचं नाही. सकाळी जे लागेल ते तिचं दही. काकूंच्या दह्याहून ते आंबट निघेल, कवडीसारखं घट्ट निघेल, किंवा बिघडेल. बिघडलं तर काकू जबाबदार नाहीत.

या बँडने दही वाटलं नाही, विरजण वाटलं. म्हणून ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हात धुऊन उठावं लागलं.

तबकडी छापणं हे हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचं काम वाटतं, आणि थोडंफार आहेही. ध्वनी आधी लॅकरच्या मऊ थरावर खोदायचा, त्यावर धातू चढवून साचा काढायचा, त्या साच्याने तापलेलं व्हिनाइल दाबायचं. पहिला खर्च साच्याचा, तो एक प्रत काढा की हजार काढा तेवढाच. त्यामुळे कारखाने शे-दोनशे प्रतींखाली सहसा हात लावत नाहीत. एका माणसाला हे जमत नाही. चार-पाच जणांनी वर्गणी काढली, आधीच मागणी घेतली, की जमतं. तसंच झालं. फिनलंडमधल्या ‘ब्लड म्युझिक’सारख्या मेटलच्या लेबलने हा अल्बम छापला. कधीच काही छापलं नव्हतं अशा पोरांनी छापला. रंगीत व्हिनाइल, शिंतोडे उडवलेलं व्हिनाइल, कॅसेट, सीडी. जुन्या तबकड्यांच्या हौशी मंडळींसाठी डिस्कॉग्स ही सूची आहे, तिथे या एका अल्बमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या शेकड्यांनी नोंदलेल्या आहेत. सगळ्यात मजा म्हणजे बँडचं त्या वेळचं लेबल ‘फ्लाइटलेस’ आणि अमेरिकेतलं ‘एटीओ’ यांनीही आपापल्या प्रती काढल्या. बँडच्याच घरचे लोक, पण रांगेत बाकीच्यांबरोबर.

असं याआधी कुणी केलंच नव्हतं असं सांगणारे सांगतात, ते ऐकू नका. अमेरिकेतल्या ‘ग्रेटफुल डेड’ने तर १९८४मध्ये आपल्या मैफिलींत ध्वनिमुद्रण करणाऱ्या रसिकांसाठी वेगळी जागाच राखून दिली. त्या कॅसेटा हातोहात देशभर फिरल्या. अट एवढीच की विकायच्या नाहीत. ‘रेडिओहेड’ने ऑक्टोबर २००७मध्ये ‘इन रेनबोज’ची किंमत ऐकणाऱ्यावर सोडली, शून्य भरलं तरी चालेल म्हणून. जगभर चर्चा झाली, आणि दोनेक महिन्यांत ती खिडकी बंद करून अल्बम रीतसर दुकानात गेला. ‘नाइन इंच नेल्स’ने २००८मध्ये ‘घोस्ट्स’ आणि ‘द स्लिप’ हे दोन अल्बम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली काढले, म्हणजे वाटा, मोडतोड करून नवं करा, पण आमचं नाव सांगा आणि त्यातून धंदा करू नका. या तिघांचंही मला कौतुक आहे. पण तिघांनीही विकण्याचा हक्क आपल्या कनवटीला ठेवला होता. मेलबर्नच्या मंडळींनी तोही सोडून दिला. छापा आणि विका, नफा झाला तर तुमचा, असं म्हणणारा बँड माझ्या माहितीत तरी दुसरा नाही.

इथे एक गोष्ट बोलून टाकली पाहिजे, नाहीतर ही प्रस्तावना आरतीसारखी होईल. २०१७च्या पाचपैकी चार अल्बम त्यांनी विकले. वर्षभर दौरे केले, तिकिटं विकली, टी-शर्ट विकले. ज्याच्या गोठ्यात चार दुभत्या म्हशी आहेत त्याला पाचवीचं दूध वाटणं परवडतं. त्याचं दातृत्व खोटं ठरत नाही, पण ज्याच्याकडे एकच शेळी आहे त्याने त्याचा कित्ता गिरवावा असं कुणी सांगू नये. हे मी मुद्दाम लिहितो, कारण ‘मानधन नाही, पण प्रसिद्धी मिळेल’ हे वाक्य ऐकत आमच्या इकडची किती तरी वाजवणारी पोरं म्हातारी झाली. गणेशोत्सवात रात्री दोनपर्यंत वाजवून घेऊन पहाटे चहा-बिस्किटांवर वाटेला लावणारे आयोजक मी स्वतः पाहिले आहेत, त्यांच्या ढोलकीवाल्यांत मीही एकदा होतो. त्या लोकांना ही पुस्तिका दाखवू नका. देणाऱ्याने आपणहून दिलं तर ते देणं. त्याच्याकडून काढून घेतलं तर त्याला दुसरा शब्द आहे.

आणि हा अल्बम उरलासुरला माल होता म्हणून वाटला, अशीही शंका येते. मलाही आली होती. ऐकल्यावर गेली. त्या वर्षीच्या पाचांत मला हाच सगळ्यात बांधेसूद वाटतो. ‘क्रंबलिंग कॅसल’ जवळजवळ अकरा मिनिटांचं आहे. त्यात आणि पुढेही बऱ्याच ठिकाणी वाद्यं वेगवेगळ्या मात्रांची आवर्तनं घेत एकाच वेळी चालतात. समजा एक गिटार पाचांत मोजते आहे आणि ढोल चारांत. दोघे एकत्र निघाले तर लगेच फारकत घेतात, कान गोंधळतो, कुणीतरी चुकतंय असं वाटतं, आणि विसाव्या मात्रेनंतर दोघे पुन्हा एका ठिकाणी येऊन टेकतात. तबल्याची मैफल ऐकणाऱ्याला ती जागा कळते. नकळत मान हलते, हात मांडीवर पडतो. आमच्याकडे समेवर दाद देतात, तिकडे लोक एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात. गाण्याच्या शेवटी ही सगळी वीण एकदम जड होते, गिटारी खर्जात उतरून घरंगळत येतात. किल्ला ढासळतोच.

तिसऱ्या गाण्यात लिआ सीनियर या गायिकेच्या आवाजात निवेदन आहे. आकाशवाणीवरच्या जुन्या नभोनाट्यांची आठवण यावी इतकं शांत आणि स्वच्छ. दुसऱ्या बाजूची पहिली तीन गाणी एकमेकांत मिसळत जातात. त्यातलं ‘होरॉलॉजी’ म्हणजे कालमापनाचं शास्त्र. पुढची तीन एका वेगळ्या कल्पनेवर आहेत. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी साधारण तीन प्रकारच्या असतात. चौथा प्रकार असता तर? आपल्याला न दिसणारे रंग दिसले असते. ‘टेट्राक्रोमसी’ आणि ‘द फोर्थ कलर’ ही नावं तिथून आली आहेत. शेवटचं गाणं मंदावत जाऊन संपल्यासारखं होतं आणि मग पुन्हा उसळतं; तिथे डेक बंद करायची घाई करू नका. शब्द मी इथे देत नाही. ते इंग्रजी आहेत, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची फारशी गरज भासली नाही.

त्यानंतरच्या वर्षांत बँडने हा हात आखडता घेतला नाही. २०१९-२०च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात भयंकर वणवे लागले, तेव्हा आपल्या मैफिलींची ध्वनिमुद्रणं काढून त्यांचे पैसे मदतकार्याला दिले. त्यानंतर ‘बूटलेगर’ नावाची योजना सुरू केली. बूटलेग म्हणजे चोरून काढलेली प्रत. यांनी चोरांनाच आवतण दिलं. मैफिली, जुनी कच्ची ध्वनिमुद्रणं, सुरुवातीच्या काळातली पोरकट गाणी, सगळं छापायला मोकळं. या वेळी एक अट होती, काढलेल्या प्रतींतल्या काही आम्हाला विकायला पाठवा. किती, ते तुम्हीच ठरवा, तुम्हाला रास्त वाटेल तेवढ्या. मला ही अट पहिल्या वेळच्या पूर्ण मुभेपेक्षाही आवडते. विरजण नेलेल्या सुनेने सणाला वाटीभर श्रीखंड आणून द्यावं, तसं. २०२४च्या अमेरिकेच्या दौऱ्यातल्या मैफिली त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवल्या, तिकीट नाही. मग जुलै २०२५मध्ये त्यांनी स्पॉटिफायवरून आपली गाणी काढून घेतली. त्या कंपनीच्या प्रमुखाने लढाईसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता बनवणाऱ्या ‘हेलसिंग’मध्ये पैसे गुंतवले, त्याचा निषेध म्हणून. पुढच्याच महिन्यात बँडकँप या संकेतस्थळावर आपले सगळे अल्बम ‘तुम्हाला वाटेल ती किंमत द्या’ असे करून टाकले. काढून घेणं आणि उघडून देणं, दोन्ही एका पावसाळ्यात.

आता आमच्या कॅसेटांची गोष्ट. आम्ही चौघं. एकाचं मोटारी बांधायचं दुकान आहे, एक शाळेत चित्रकला शिकवतो, एक बँकेतून निवृत्त झालेला, आणि मी. तबकडी छापायचे पैसे आमच्याकडे नव्हते. कॅसेटचा डेक मात्र मोटारीवाल्याकडे होता, दोन कप्प्यांचा, रबरी पट्टा बदलल्यावर चालू झाला. कोऱ्या कॅसेटा एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर बावीस मिळाल्या, साठ मिनिटांच्या. पंचेचाळीसच्या चालल्या नसत्या. दुसरी बाजू तेवीस मिनिटांच्या आसपास जाते, शेवटच्या गाण्याचा गळा आवळला गेला असता. आकडा चाळीसचा धरला होता. उरलेल्या अठरा रद्दीवाल्याकडून वापरलेल्या घेतल्या.

वापरलेल्या कॅसेटवर पुन्हा मुद्रण करायचं तर आधीचं पुसलं जाणार. बहुतेक बाजारातल्याच होत्या, सिनेमाची गाणी, दुकानदाराच्या हाताची यादी चिकटवलेल्या. तीनांवर तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं होती. आमच्या बँकवाल्याने त्या तिन्ही आधी पूर्ण ऐकल्या, मग कपाळाला लावल्या, मग माझ्याकडे दिल्या. एकीवर चिठ्ठीच नव्हती. लावली तर एक पोरगा अडीचकीचा पाढा म्हणत होता. अडीच सक पंधरापर्यंत ठीक. पुढे अडीच साते म्हटल्यावर गाडी अडकायची. मागून एका बाईचा आवाज, ‘पुन्हा म्हण’. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी तो साडेसतरा म्हणाला आणि कुणीतरी टाळी वाजवली, मग लांबून कुकरची शिट्टी. आम्ही चौघं कितीतरी वेळ बसून होतो. ती कॅसेट पुसली नाही. म्हणून या आवृत्तीच्या प्रती एकोणचाळीस आहेत.

डेकला दुप्पट वेगाने उतरवायची सोय होती, ती वापरली नाही. त्यात वरचे स्वर मरतात. चव्वेचाळीस मिनिटांचा अल्बम चव्वेचाळीस मिनिटांतच उतरला, एकोणचाळीस वेळा. साडेअठ्ठावीस तास झाले. पहिल्या चार प्रतींत मी आवाज जास्त चढवला, काटा लाल पट्टीत जाऊन आपटत राहिला आणि ढोल फाटले. चित्रकलावाल्याने त्या ऐकून एवढंच विचारलं, ‘हे असंच आहे का?’ त्या पुन्हा केल्या. म्हणजे तासांचा हिशेब आणखी वाढला, पण तो मी माझ्याच नावावर लावला आहे. डबीतला कागद झेरॉक्सच्या दुकानात छापला. मुखपृष्ठ बँडने दिलेलंच आहे, रंगीत झेरॉक्स परवडेना म्हणून काळ्या-पांढऱ्यात. आतल्या बाजूला आमच्या परकोटाच्या जटपुरा गेटचं रेखाचित्र आमच्या मास्तरांनी काढलेलं आहे.

किंमत किती लावायची यावर दोन रविवार वाद झाला. मोटारीवाला म्हणाला, फुकट मिळालेलं फुकटच द्यायचं. बँकवाल्याने कागदावर आकडे मांडले, कॅसेट, डबी, कागद, झेरॉक्स, आणि म्हणाला की आपण घातले तेवढे तरी परत यावेत, नाहीतर पुढची काढायला कुणी उठणार नाही. बँडने तर पैसे घ्यायला मनाई केलेली नाही, उलट मुभाच दिली. शेवटी खर्चाचा भागाकार करून एका प्रतीला साठ रुपये ठरले. ज्याच्याकडे नसतील त्याने एक कोरी कॅसेट आणून द्यावी. अशा आतापर्यंत सहा आल्या आहेत, त्यातली एक ओलीने फुगलेली.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना दोन छोटे प्लॅस्टिकचे टॅब असतात. ते तोडले की तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही, आतलं सुरक्षित राहतं. लहानपणी नवी कॅसेट भरून आणली की पहिलं काम ते करायचो, खिळ्याने. रद्दीतून आणलेल्या कॅसेटांचे टॅब आधीच्या मालकांनी तोडलेले होते, त्या खाचांवर आम्ही सेलोटेप चिकटवला, तेव्हा कुठे डेकने त्या घेतल्या. तो सेलोटेप तसाच ठेवला आहे. कोऱ्या बावीसांचे टॅबही शाबूत आहेत. पहिल्या बाजूच्या शेवटी नऊ मिनिटं रिकामी आहेत, दुसरीच्या शेवटी जवळपास सात.